भाकड गायीचे दोन महिने

भाकड हा शब्द आपण किती सहज वापरतो! रिकाम्या गप्पा म्हणजे भाकडकथा, ज्या महिन्यांत सणवार नाहीत ते भाकड महिने. मूळ शब्द मात्र गोठ्यातला. दूध देणं बंद झालेलं जनावर ते भाकड. आणि गोठ्यात हा शब्द उच्चारतानाही त्यात थोडी नाराजी असतेच... नुसती खाते, देत काही नाही, अशी.

शहरातल्या मित्रांना वाटतं भाकड म्हणजे म्हातारी, कामातून गेलेली गाय. तसं नाही हो. चांगली तरणीताठी, बादली भरून दूध देणारी गायही प्रत्येक वेताआधी दोन महिने भाकडच असते. गाय साधारण २८० दिवस गाभण राहते. त्यातल्या शेवटच्या साठेक दिवसांत तिला मुद्दाम आटवतात, म्हणजे धार काढणं बंद करतात, कासेला विश्रांती मिळावी आणि पोटातल्या वासराला पोसायला तिच्या अंगात काही उरावं म्हणून. ह्या साठ दिवसांबद्दल गेली दोनेक वर्षं डोक्यात बरंच काही घोळतंय. आज लिहूनच टाकतो.

कारण अर्थातच गौरी. नातेवाइकांपैकी जे हे वाचतात त्यांना गौरी माहीत आहे, निदान तिच्या खरवसापुरती तरी! इतरांसाठी सांगतो. फलटणकडे आमच्या चुलतभावाचा, दादाचा, पाच गायींचा गोठा आहे. सगळ्या एचएफ संकरित. गौरी त्यातली सगळ्यात दुधाची, भरात असताना दिवसाला चोवीस लिटर. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी येतो आणि घर त्यावर चालतं. ऊस आहे, पण उसाचे पैसे वर्षाने, तेही तुकड्यातुकड्यांत. पोरीच्या कॉलेजची फी, किराणा, डिझेल, सगळं दुधावर. दादा गायींचा मालक असला तरी गोठा वहिनीचा. शेण, चारा, दोन वेळच्या धारा, सगळं तीच बघते.

आता अशा घरात पेंड कुणाला मिळणार? जी दूध देते तिला. हे इतकं सरळ आहे की त्यात कुणाला काही चुकीचं वाटतच नाही. गौरी आटली की तिला गोठ्याच्या शेवटच्या दावणीला नेऊन बांधायचं. पुढच्या गायींनी गव्हाणीत टाकलेलं उष्टं, उसाचं वाडं, कडबा, ह्यावर तिचं चालायचं. वहिनी एकदोनदा म्हणाली होती, तिलाबी मूठभर पेंड घालूया. दादाचं उत्तर ठरलेलं. "आगं, ती काय आत्ता दूध देतीया का? पेंड काय फुकट येती व्हय?"

पण व्यायला पंधरा-वीस दिवस राहिले की उलटं चित्र. आता ताकद द्यायची! लसूणघासाचा भारा समोर, औषधाच्या दुकानातून आणलेली कॅल्शियमची बाटली रोज. कॅल्शियम हा शब्द आपल्याकडे इतका पवित्र झालाय की जास्त झालं तर बिघडतं असं कुणाच्या मनातही येत नाही. आधी दीड महिना उपेक्षा आणि मग पंधरा दिवस डोहाळजेवण. आजूबाजूच्या बहुतेक गोठ्यांत हेच चालतं.

२०२३ च्या जानेवारीत गौरी चौथ्यांदा व्याली. मी तेव्हा दोन दिवस गावीच होतो. संध्याकाळी कालवड झाली, रात्री जारही पडला, सगळे खूश. लगेच चीक काढला, पहाटे परत काढला, कास अगदी कोरडी होईपर्यंत. पुण्याला कुणाकुणाला खरवस पाठवायचा ह्याची यादीही तयार झाली.

सकाळी आठच्या सुमाराला वहिनीनं हाक मारली. गौरी बसलेली होती आणि उठत नव्हती. उठायची धडपड करायची, मागचे पाय थरथरायचे आणि परत खाली. थोड्या वेळानं तीही धडपड थांबली. मान वळवून तिनं तोंड कुशीला लावलं आणि तशीच राहिली. डोळे उघडे, पण कुठे बघतेय ते कळत नव्हतं. नाक कोरडं. "भावजी, कान धरून बघा," वहिनी म्हणाली. कान बर्फासारखे गार.

अर्ध्या तासात अर्धी आळी गोळा. कुणी म्हणालं दृष्ट लागली, काल किती जण बघून गेले. मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या. एकजण गूळ-तेलाचं काहीतरी करून बांबूचं नळकांडं घेऊनच आले, पाजायला. वहिनीनं त्यांना अडवलं, डॉक्टर येईपर्यंत काही नको म्हणाली. आणि ते बरंच झालं. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की अशा वेळी गायीला गिळताच येत नाही, पाजलेलं सरळ फुप्फुसात जातं आणि वाचली असती ती गाय न्युमोनियानं मरते.

डॉक्टर आले ते तासाभरानं. मोटारसायकलवरून उतरले, कान धरला, थर्मामीटर लावला. ताप नाहीच, उलट अंग नेहमीपेक्षा थंड. ह्या दुखण्याला म्हणतात मात्र मिल्क फिव्हर, पुस्तकी मराठीत दुग्धज्वर. ज्यात ज्वरच नाही त्याला ज्वर! नाव कुणी ठेवलं कोण जाणे. डॉक्टरांनी मानेच्या शिरेतून कॅल्शियमची बाटली लावली. थेंब थेंब, अगदी सावकाश, एक हात सुईवर आणि कानाला स्टेथोस्कोप. घाईनं सोडलं तर हृदय बंद पडू शकतं. आम्ही तिला दोन बाजूंनी पोती लावून छातीवर बसतं ठेवलं होतं, आडवी पडू द्यायची नाही, पोट फुगतं म्हणून.

पुढचं मी कधी विसरणार नाही. बाटली निम्मी झाल्यावर गौरीच्या अंगावर शहारा आल्यासारखी थरथर सुरू झाली. मग नाकावर घामाचे थेंब. मग मोठी ढेकर, मग शेण टाकलं. आणि बाटली संपल्यावर वीसेक मिनिटांत... उठली. उभी राहून आजूबाजूला अशी बघायला लागली, जणू ही सगळी माणसं इथे का जमलीत? वहिनी पदरानं डोळे पुसत होती. लाखाच्या घरातली गाय होती हे खरं, पण ते रडणं नुसतं लाखाचं नव्हतं.

डॉक्टर हात धुताना दादाला म्हणाले, "उठवायचं काम माझं. पण ती पडली कशी, ते गेल्या महिन्यात ह्या गव्हाणीत ठरलंय." दादाला ते लागलं. "आवो, रोज बाटली पाजत हुतो की कॅल्शियमची!" डॉक्टर म्हणाले, "म्हणूनच तर."

ते "म्हणूनच तर" मला कळेना. चहा घेता घेता डॉक्टरांनी समजावलं, आणि पुण्याला परत आल्यावर मी बरंच वाचलं. थोडक्यात असं आहे. गायीच्या रक्तात एका वेळी कॅल्शियम असतं फार तर तीनेक ग्रॅम. आणि दहा लिटर चिकातून बाहेर जातं वीस ग्रॅमच्या वर. म्हणजे व्याल्याच्या पहिल्या दिवशी रक्तातला साठा सात-आठ वेळा रिकामा होईल एवढी मागणी. हा खड्डा भरायला हाडांत कॅल्शियम किलोंनी पडलेलं असतं. पण ते काढायला गळ्याजवळच्या एका इवल्याशा ग्रंथीनं हुकूम सोडावा लागतो. व्यायच्या आधी रोज तोंडातून भरपूर कॅल्शियम मिळत असेल तर ही ग्रंथी निवांत असते, हुकूम सोडायची तिला सवयच राहत नाही. मग एका रात्रीत मागणी आली की तिला जागं व्हायला दोन-तीन दिवस लागतात. गायीकडे तेवढे दिवस नसतात. स्नायूंना काम करायला कॅल्शियम लागतं, ते मिळालं नाही की पाय जातात, मग आतडी, शेवटी हृदय. वय वाढेल तशी हाडं द्यायला नाखूश होतात, म्हणून हे सहसा तिसऱ्या वेतापासून पुढे. पहिलारूंमध्ये क्वचितच.

लसूणघासाचं दुखणं दुहेरी. त्यात कॅल्शियमही भरपूर आणि पोटॅशियमही. पोटॅशियम जास्त झालं की रक्त जरासं अल्कलीच्या बाजूला झुकतं, आणि मग ग्रंथीनं हुकूम सोडला तरी हाडं तो नीट ऐकत नाहीत. दुधाच्या गायीला हाच घास अमृत. व्यायला टेकलेल्या गायीला तोच नको. चारा तोच, गायही तीच, फक्त तारीख वेगळी!

हे काही काल-परवा कळलेलं नाही. आधी कॅलिफोर्नियात १९५४ साली दोन संशोधकांनी दाखवून दिलं की व्यायच्या आधी कॅल्शियम कमी दिलं तर गायी कमी पडतात. नॉर्वेत १९६०-७० च्या दशकांत चाऱ्यातल्या क्षारांचा तोल बदलून हेच साधलं. आणि उपचाराची गोष्ट तर त्याहून गमतीची आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात ह्या दुखण्यानं पडलेल्या गायींपैकी निम्म्याहून जास्त मरत. १८९७ साली डेन्मार्कमधल्या कोल्डिंग गावच्या श्मिट नावाच्या पशुवैद्यानं, रोग कासेतून येतो असं समजून, कासेत औषध भरलं. गायी उठायला लागल्या! मग लक्षात आलं की औषधाचीही गरज नाही, पंपानं कासेत नुसती हवा भरली तरी उठतात. कारण कळायला १९२५ उजाडावं लागलं. एडिनबर्गच्या ड्रेयर आणि ग्रेग ह्यांनी रक्तातलं कॅल्शियम घटतं हे मांडलं. हवेनं कास ताठ होते, नवं दूध उतरायचं थांबतं, म्हणून कॅल्शियम रक्तातच राहतं. समजूत चुकीची आणि इलाज बरोबर.

हे वाचताना मला आमच्या आजीची आठवण आली. ती म्हणायची, पहिल्या दिवशी कास कोरडी करू नये, वासराला हवं तेवढं द्यावं, बाकी थोडं ठेवावं. आम्हाला वाटायचं देवाधर्माचं काहीतरी असेल. डॉक्टरही तेच म्हणाले, जी गाय आधी एकदा पडली आहे तिची कास पहिल्या दिवशी पूर्ण पिळू नका. म्हणून जुनं ते सगळं सोनं असंही नाही हं. जार पडल्याशिवाय वासराला चीक पाजायचा नाही, ही समजूतही जुनीच, आणि ती घातक आहे. गायीच्या वासराला रोगाशी लढायची शक्ती पोटात असताना आईकडून मिळत नाही, ती सगळी चिकातून येते, आणि पहिल्या काही तासांनंतर ती शोषून घ्यायची त्याची ताकद झपाट्यानं कमी होते. शिवाय वासरू लुचलं की जार पडायलाही मदतच होते. आणि अडकलेल्या जाराला दगड नाहीतर चप्पल बांधून ठेवण्याबद्दल तर काही न लिहिलेलंच बरं.

गौरी उठली, पण प्रकरण तिथे संपलं नाही. पंधरा-सोळा दिवसांनी तिनं पेंड सोडली. कडबा चघळायची, पण पेंडीला तोंड लावेना. दूध अठरावरून अकरावर. डॉक्टरांनी तिच्या तोंडाजवळ नाक नेऊन वास घेतला आणि मलाही घ्यायला लावला (मी शनिवारी परत गेलो होतो). गोडसर वास, नखांचा रंग काढायच्या बाटलीसारखा. किटोसिस. व्यायच्या आधीच्या दिवसांत गायीचं खाणं जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतं, आणि व्याल्यावर दूध वाढतं त्या वेगानं भूक वाढत नाही. मग ती अंगावरची चरबी जाळते, आणि ती नीट जळली नाही की हा वास. आधीच मिल्क फिव्हरनं आतडी मंदावलेली, त्यात हे. सलाईन, तोंडावाटे औषध, पुन्हा खर्च. त्या वेतात ती चोवीस लिटरवर गेलीच नाही. माजावरही उशिरा आली.

मला जास्त अस्वस्थ करते ती दुसरीच गोष्ट. गौरी पडली म्हणून दिसली तरी. कॅल्शियम घटलेलं आहे पण गाय पायांवर उभी आहे, अशा गायी त्याहून किती तरी जास्त असतात. अमेरिकेतल्या गायींच्या रक्ताची एक पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात पहिलारूंपैकी सुमारे पाव आणि पुढच्या वेतांतल्या जवळजवळ निम्म्या गायी अशा निघाल्या. ह्या गायींचा जार अडकतो, त्या खायला कमी करतात, सडाचं तोंड नीट मिटत नाही म्हणून दगडी होते. आपण दगडीचा इलाज करतो, जाराचा इलाज करतो, आणि म्हणतो यंदा गोठ्याला काहीतरी लागलंय.

इथे कुणीतरी नक्की म्हणेल की देशी गाय ठेवा, खिल्लारीला असलं काही होत नाही. खरं आहे, फारसं होत नाही. पण का होत नाही? खिल्लार वासरापुरतं आणि वर घरापुरतं दूध देते. जिच्या कासेतून वीस ग्रॅम कॅल्शियम एका दिवसात जातच नाही ती कशाला पडेल? १९६७ साली मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला बाएफ सुरू केली, तिथून आणि इतरही ठिकाणांहून संकराचं काम गावोगाव पोचलं, १९७० पासून दुधाचा महापूर आला, आणि फलटणसारख्या ठिकाणी पाच गायींवर पोरीचं कॉलेज होऊ लागलं. ते परत करायला कुणीच तयार नाही, मीही नाही. पण गाय परदेशी रक्ताची आणली, तिचं दूध घेतलं, आणि भाकड दिवसांचं वागवणं मात्र खिल्लारीचंच ठेवलं. हे जमत नाही.

आणि दादाला तरी किती दोष द्यायचा? डेअरी लिटरचे पैसे देते. भाकड गायीचे दोन महिने कुणाच्याच वहीत नाहीत. त्या साठ दिवसांचा चारा, पेंड, खनिज मिश्रण, सगळं खिशातून, आणि त्याचं फळ दिसलंच तर काही न घडण्यात दिसणार. गाय पडली नाही ह्याचे पैसे कुणी देत नाही.

तरी वहिनीनं बदल केला. दादाशी दोन दिवस बोलणं बंद होतं त्यावरून, तो भाग सोडून देतो! भाकड गायी आता शेवटच्या दावणीला नसतात, गोठ्यामागे कुंपण घालून केलेल्या मोकळ्या जागेत फिरतात. आटवल्यापासून त्यांना स्वतःचं, ताजं खाणं, कडबा आणि मक्याचा मुरघास, थोडं पशुखाद्य. जाड होऊ द्यायची नाही, रोडही नाही. घरच्या कॅलेंडरवर भरवल्याची तारीख असायचीच, आता व्यायच्या तारखेच्या एकवीस दिवस आधी लाल गोल असतो. त्या गोलापासून लसूणघास बंद, कॅल्शियमची बाटली बंद, पेंड हळूहळू वाढवायची, आणि डॉक्टरांनी दिलेलं व्यायच्या आधीचं वेगळं खनिज मिश्रण. ते चवीला इतकं वाईट असतं की मुरघासात कालवून द्यावं लागतं. डॉक्टर अधूनमधून येऊन गायीच्या मुतात कागदाची पट्टी बुडवून रंग बघतात, मिश्रण लागू पडतंय का ते त्यावरून कळतं. दादा पहिल्यांदा हसला होता. आता पट्टी तोच धरतो.

२०२४ च्या एप्रिलात गौरी पाचव्यांदा व्याली. एकदा पडलेली गाय पुढच्या वेताला पडायची शक्यता जास्त, त्यामुळे सगळे धास्तावलेले. उभी असतानाच, गिळता येतंय हे बघून, व्याल्याबरोबर कॅल्शियमचं जेल तोंडात, बारा तासांनी परत एकदा. रात्री एक वाजता मी फोन केला तर वहिनी गोठ्यातच खाट टाकून बसली होती. "दर तासाला कान धरून बघतीय भावजी," ती म्हणाली, "गरम हायेत." सकाळी गौरी उभी राहून कडबा खात होती. दादानं फोटो पाठवला, त्यात गाय अर्धी आणि दादाचा अंगठा अर्धा.

आता नातेवाइकांसाठी. गेल्या खेपेला खरवसाचा डबा एवढासाच का आला, अशी तक्रार दोन मावश्यांकडून आणि एका आत्याकडून माझ्यापर्यंत पोचली आहे. पहिल्या दिवशी कास पूर्ण पिळायची नाही, आणि जो चीक निघेल त्यातला वासराचा वाटा आधी, म्हणून. पुढच्या वेतालाही तेवढाच येणार आहे.